मुक्कामी टिटवी

उशिरा आल्याबद्दल आमच्या दाजींनी जाब विचारला नाही, असं एकही पाखरू पारनेर तालुक्यात उरलेलं नाही. दाजी म्हणजे माझे थोरले साडू. आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, यजमान. ही त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो आणि ते मला साडूभाऊ म्हणतात. आयुष्यभर त्यांनी एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली. काचेच्या खिडकीमागे बसायचं, समोर माईक घ्यायचा आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सगळ्या स्टँडला ऐकवायचं, हे त्यांचं काम. माईक बंद पडला तरी त्यांचं काही अडत नसे. उलट आज आवाज जरा स्वच्छ येतोय, असं प्रवासी म्हणायचे. निवृत्त झाल्यावर खिडकी गेली, माईक गेला, गाड्या गेल्या, आवाज तेवढा घरी आला. पारनेर गावाच्या बाहेर, जिथे प्लॉट संपतात आणि शेतं सुरू होतात, तिथे त्यांचं घर आहे. घरामागे चांगलं ऐसपैस परस आहे. चैत्र लागला की त्या परसात लोखंडी खुर्ची टाकून दाजी बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाखराची घोषणा करतात.

परसाच्या कोपऱ्यातला निंब म्हणजे फलाट क्रमांक एक. शेवगा दोन, कुंपणाची बाभळ तीन आणि विजेची तार चार. दाजींचं बोलणं एरवी चारचौघांसारखं गावाकडचं असतं, पण घोषणा मात्र शुद्ध सरकारी मराठीत. मी पहिल्यांदा उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला गेलो तेव्हा परसात त्या निंबाखाली बाज टाकून झोपलो होतो. नगरच्या उकाड्यातून सुटका झाल्यामुळे झोप अशी काही लागली होती की उन्हं वर येईपर्यंत उठायचं नाही, असा माझा निश्चय होता. उजाडता उजाडता डोक्याजवळ कुणीतरी गरजलं, “लक्ष द्या. सातभाई फलाट क्रमांक एकवर येत आहेत. प्रवाशांनी गर्दी करू नये.” मी बाजेवरून खाली पडलो. निंबावरून सातआठ मळकट पाखरं कलकलाट करत उतरली आणि माझ्या चपलांभोवती पालापाचोळा उलटापालटा करायला लागली. दाजी माझ्याकडे जरा नाराजीनेच बघत म्हणाले, “साडूभाऊ, तुमी फलाटावर झोपलाय.”

प्रत्येक पाखराचा त्यांनी स्टँडच्या हिशेबाने निकाल लावलेला आहे. सातभाई म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी. एक चढला की सगळे चढणार आणि आत बसूनही भांडणार. तारेवरून झेप घेऊन माशी टिपायची आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसायचं, असं दिवसभर करणारा हिरवागार वेडा राघू म्हणजे पारनेर-सुपा फेऱ्या मारणारी गाडी. उन्हाच्या भर तडाख्यात कुठूनतरी टुक टुक करत राहणारा तांबट त्यांना फारसा पसंत नाही. “गाडीचा पत्ता न्हाई, नुसता हॉर्न,” असं ते म्हणतात. काळाभोर कोतवाल कावळ्याच्या आणि घारीच्या मागे लागला की तपासणी पथक आलं म्हणून ते स्वतःसुद्धा खुर्चीत सावरून बसतात. तांबूस पंखांचा भारद्वाज कुंपणाच्या कडेने रुबाबात चालत आला की विभागीय साहेब आले. तेव्हा घोषणा होत नाही, दाजी नुसते उभे राहतात. कोकीळ मात्र त्यांच्या लेखी सगळ्यांत अप्पलपोटी. स्वतः उभं राहायचं लांब आणि अंडी टाकायची कावळ्याच्या घरट्यात. “खिडकीतनं दुसऱ्याच्या शिटावर रुमाल टाकनारी जात हाय ही,” असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं आहे.

मी एकदा त्यांना पक्ष्यांचं रंगीत चित्रांचं पुस्तक भेट दिलं. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ते चाळलं, जिल्ह्याच्या वेळापत्रकासारखं उलटसुलट तपासलं आणि दुसऱ्या दिवशी मला परत केलं. म्हणाले, “ह्यात गाडी कशी दिसती ते दिलंय. सुटती कवा ते न्हाई.” ते पुस्तक अजून माझ्या घरी आहे आणि मी त्यातलं एकही पाखरू ओळखू शकत नाही.

झाडाझुडपांच्या बाबतीत तर त्यांच्याशी कुणी वादच घालू नये. लावलेलं झाड त्यांना विशेष आवडत नाही. आक्कांनी हौसेने लावलेल्या गुलाबाकडे ते पास काढून बसलेल्या प्रवाशाकडे बघावं तसे बघतात. त्यांचा सगळा जीव आपोआप उगवलेल्यांवर. “तन म्हंजे काय, रिझर्वेशन नसलेला प्रवासी,” असं त्यांचं म्हणणं आहे, “त्याला उभ्यानं तर येऊ द्या.” त्यामुळे परसात कुंपणाला तरवड पिवळाधमक फुललेला, दगडाशेजारी रुई वाढलेली, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना एकदांडी, आणि मधोमध, जिथे कुठल्याही शहाण्या माणसाचा पाय पडणार, नेमकी तिथे भुईरिंगणी. ही भुईरिंगणी जमिनीला चिकटून पसरते, तिला जांभळी नाजूक फुलं येतात आणि पानांच्या दोन्ही बाजूंना लांबलचक काटे असतात. मी एकदा लुंगी सावरत तिच्यावर पाय दिला. मी कळवळून एका पायावर उड्या मारायला लागलो तसे दाजी खुर्चीतून धावत आले. मला वाटलं, मला धरायला. ते खाली बसले, रिंगणीची एक फांदी हलक्या हाताने सरळ केली आणि म्हणाले, “हलू नका साडूभाऊ, दुसरा पाय फुलावर पडंल.” शेजारच्या तात्यांनी एकदा आपल्या शेतातलं उरलेलं तणनाशक मोठ्या प्रेमाने आणून दिलं होतं. तात्या सत्तरीचे शेतकरी, त्यांचा हेतू चांगलाच. दाजींनी बाटली घेतली, तात्यांना चहा पाजला आणि ती बाटली परत त्यांच्याच पिशवीत घातली. त्यानंतर आठवडाभर ते तात्यांशी फक्त शुद्ध मराठीत बोलत होते.

हे सगळं मी आज हसत सांगतो आहे, त्याला कारण आहे. निवृत्त झाल्यानंतर पहिले काही महिने दाजी बोलतच नव्हते. आजारी नव्हते, रागावले नव्हते, नुसते गप्प होते. मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. विचारलं तर हो-नाही करायचे. आयुष्यभर त्यांच्या आवाजाला वैतागलेल्या आक्का त्या दिवसांत हिला फोन करून म्हणायच्या, “घरात मानूस हाय का न्हाई तेच कळंना.” डॉक्टर झाले, देव झाले, आम्ही दोघं जाऊन राहून आलो, उपयोग शून्य. मग एका सकाळी आक्का भाकरी थापत असताना मागच्या दारातून गर्जना आली की सातभाई आले आहेत. हातातली भाकरी तशीच परातीत टाकून आक्का चुलीपुढे बसल्या बसल्या रडल्या, असं त्यांनी स्वतःच हिला सांगितलं. तेव्हापासून दाजींच्या पाखरांना आमच्यात कुणी नावं ठेवत नाही. फक्त आक्का ठेवतात, कारण तो त्यांचा हक्क आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र त्या हक्काची कसोटीच लागली. आक्कांचे गुडघे गेली दोन-तीन वर्षं धरले आहेत. आणि घरचं न्हाणीघर परसाच्या पार दुसऱ्या टोकाला. ते स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून नवीन बांधायचं, असं एकदाचं ठरलं. गवंडी आला, दोरी लावून पाया खणला, ट्रॅक्टरने खडीचा ढीग आणून परसात ओतला. सिमेंट यायला दोन-चार दिवस लागले. तेवढ्यात त्या खडीवर टिटवीने अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही. खड्यांमध्ये पायाने जरा खळगा केला की झालं. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची चार अंडी, बोट करून दाखवल्याशिवाय दिसणारसुद्धा नाहीत. दाजींना ती दिसली आणि त्यांनी ताबडतोब घोषणा केली, “लक्ष द्या. खडीवरील टिटवी मुक्कामी राहील.” मुक्कामी गाडी म्हणजे रात्री त्याच गावात थांबणारी. गवंडी फावडं घेऊन आला तेव्हा दाजी ढिगापुढे हात आडवे करून उभे होते. बिचारा समजूतदार माणूस. त्याने टिटवीकडे बघितलं, दाजींकडे बघितलं, आक्कांकडे बघायचं टाळलं आणि राळेगणला दुसरं काम आहे म्हणून निघून गेला.

आक्कांचं तोंड त्या दिवशी जे सुटलं ते सुटलं. मी फोनवर दुसरी खडी मागवायचा सल्ला दिला, पण ट्रॅक्टरला आत यायला वाट एकच आणि ती ढिगाला घासून जाणारी. “टिटवीचं बाळतपन व्हईस्तवर मी गुडघं धरून परस वलांडायचं,” आक्का म्हणाल्या, “म्हंजे ह्या घरात माझ्यापरीस तिचा मान मोठा.” दाजींनी शांतपणे सांगितलं की तसं नाही, पण ती आधी लागली आहे.

त्यात बातमी गावात गेली. आमच्या भागात टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. अंडी ओढ्याच्या पात्रात घातली तर पाऊस हुलकावणी देणार, उंचावर घातली तर भरपूर पडणार. अंडी जितकी, तितके महिने पाऊस. आणि त्यांची निमुळती टोकं खाली असतील तर पेरणी साधणार. पारनेरसारख्या वरच्या पाण्यावर जगणाऱ्या तालुक्यात ही काही साधी बातमी नव्हे. तात्या आपल्या एका सोबत्याला घेऊन आले. दोघांनी लांबूनच माना वाकड्या करून अंडी न्याहाळली. तात्या म्हणाले, “चार हायेत. टोकं बी खाली. आन् जागा उच्चावर. औंदा पानी लई.” सोबत्याला ते पटलं नाही. तो म्हणाला, “तात्या, उच्च जागा देवाची धरायची आसती. ह्यो ढीग परवा ट्रॅक्टरनं वतलाय. मंग हिशोब जमिनीचा धरायचा का ट्रॉलीचा?” यावर बराच वेळ वाद झाला. जमीन मोजायची की ढीग, टिटवीला तो ढीग कुणाचा हे कळतं की नाही, आणि कळत नसेल तर तिच्या अंड्यांचं तरी काय खरं. शेवटी दोघांनी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, “गाडी फलाटावर लागली ती लागली. फलाट कुनी बांधला हे प्रवाशानं इचारू नये.” तात्यांचं समाधान झालं. जाता जाता त्यांनी आक्कांना बजावलं की अंड्यांना हात लावू नका, तालुक्याचा पाऊस त्यात आहे. आक्का म्हणाल्या, “तालुक्याचं तुमी बगा. माझ्या गुडघ्यात ढग आत्ताच आल्यात.”

वैशाखाचं ऊन वाढलं आणि गंमत संपली. दुपारी खडी अशी तापायची की अनवाणी पाय ठेववत नव्हता. टिटवी बिचारी अंड्यांवर उभी राहून पंख पसरायची आणि चोच उघडी टाकून धापा टाकायची. तिची एक युक्ती होती. मागच्या दाराबाहेर भांडी घासायची मोरी होती, तिचं पाणी परसात एका खळग्यात साठायचं. जोडीतलं एक पाखरू उठायचं, तिथे जाऊन पोटाची पिसं भिजवायचं आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसायचं. मग दुसरं जायचं. दाजी त्याला ड्युटी बदलणं म्हणायचे आणि प्रत्येक बदलीची घोषणा करायचे. पण नळाला पाणी येईनासं झालं. टँकरचं पाणी पिण्यापुरतं. आक्का एरवी दिवसातून तीनदा भांडी घासणाऱ्या. त्या एकदाच, संध्याकाळी, तेही कपड्यांच्या उरलेल्या पाण्यात घासायला लागल्या. दुपारपर्यंत खळगा कोरडा ठणठणीत. दाजी घाबरले, आणि घाबरलेला माणूस करतो ते सगळं त्यांनी केलं. आधी पाण्याने भरलेली परात नेऊन ढिगाजवळ ठेवली. ती चकाकती परात बघून टिटव्यांनी परस डोक्यावर घेतलं आणि जवळ यायचं नाव सोडलं. परात उचलली. मग त्यांना वाटलं, सावली करावी. त्यांनी बांबूला आपली काळी छत्री बांधली आणि ढिगाच्या डोक्यावर रोवली. आता तर दोन्ही पाखरं टिटीव टिटीव करत आकाशात, आणि अंडी भर उन्हात उघडी. दाजी ती आत्ता येतील, आत्ता येतील म्हणून वाट बघत राहिले. शेवटी आक्का लंगडत गेल्या, छत्री उपटून आणली आणि म्हणाल्या, “तुमी आता आत या. हितं बसायचं न्हाई.” दाजी उठले, मधल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

आक्कांचा फोन आला तो हिच्या मोबाईलवर. मला फक्त हिचं “बरं, बरं” ऐकू आलं. ठेवल्यावर ही म्हणाली, “दाजींचा आवाज बंद झालाय,” आणि मी काही बोलायच्या आत स्वतःशी काहीतरी पुटपुटत माझी पिशवी भरायला लागली. पारनेरच्या स्टँडवर उतरून मी घरी पोचलो. एरवी मी फाटकात शिरलो की ‘नगरहून येणारे साडूभाऊ’ अशी माझी घोषणा व्हायची, अख्ख्या गल्लीला मी आलेला कळायचो. मला त्याचा नेहमी संकोच वाटायचा. त्या दिवशी दाजींनी मान वळवून नुसतं “बसा” म्हटलं आणि मी पिशवी खांद्यावरून न उतरवताच त्यांच्याजवळ बसलो. मग ते हळूच म्हणाले, “साडूभाऊ, माझ्यामुळं उकडली आसतील का वो ती, आतल्या आत?” मला अंड्यांतलं फक्त आम्लेट कळतं. मी म्हणालो, टिटव्या परत बसल्यात म्हणजे ठीक असेल. त्यांनी मान हलवली. ते काही त्यांना पटलं नव्हतं आणि मलाही नाही.

स्वयंपाकघरात आक्कांनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि पदराने डोळे टिपत म्हणाल्या, “पाव्हणं, मला न्हानी नको का काय नको. ती अंडी जर नासली ना, तर हे मागल्यासारखं गप बसनार. मागल्या येळंला उठले, ह्या येळंला उठतील का काय म्हाईत. आन् मंग मी कुनाशी भांडू?” चहा गार झाला तरी मी तो पीतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं सामसूम असताना मी पाणी प्यायला उठलो तर मागच्या दारातून भांड्यांचा आवाज आला. आक्का मोरीजवळ पाटावर बसून पातेलं घासत होत्या. बसल्या होत्या म्हणजे एक पाय दुमडून आणि दुसरा, न दुमडणारा, लांब पसरून. शेजारी तांब्या, पेले, झाऱ्या, सगळं लखलखीत. तो तांब्या मी ओळखला. त्यातून मी तासाभरापूर्वी पाणी प्यायलो होतो. “आक्का, ही भांडी घासलेली आहेत ना?” मी विचारलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. म्हणाल्या, “हळू बोला. नुसतं पानी वतलं तर ह्यांना वाटंल, मी टिटवीपुढं हार खाल्ली. भांडी घासनं माझं काम हाय, कवा बी घासीन.” आंघोळीचं पाणी त्यांनी बादलीत राखून ठेवलं होतं, तेच त्या घासलेल्या भांड्यांवरून बेताबेताने ओतत होत्या आणि ते मोरीतून खळग्यात उतरत होतं. तेवढ्यात भिंतीच्या कडेने टिटवी आली. चार पावलं पळायची, थबकायची, पुन्हा चार पावलं. परातीला भ्यालेली, छत्रीला भ्यालेली ती, पण आक्का आणि त्यांची भांडी तिने अंडी घातल्यापासून रोज बघितली होती. ती खळग्यात बसली, पोट घुसळलं आणि उडून ढिगावर गेली. आक्कांनी मान वर केली नाही. घासलेलं पातेलं त्यांनी परत घासायला घेतलं.

ते मी कुणालाही सांगितलं नाही. हिलासुद्धा नाही, आणि हे मला किती जड गेलं ते हिला ओळखणाऱ्यांनाच कळेल. मी आणखी दोन दिवस राहिलो. रोज भर दुपारी भांडी वाजायची आणि जरा वेळाने टिटवी ओल्या पोटाने ढिगावर परतायची. दाजी अजून गप्पच होते, पण त्यांची खुर्ची भिंतीकडची निघून मागच्या खिडकीशी आली होती. माझी रजा संपली म्हणून मी नगरला आलो आणि कचेरीत बसून खडीची काळजी करत राहिलो.

मग एका सकाळी मोबाईल वाजला. मी तो कानाला लावला आणि झटक्याने लांब धरला. “लक्ष द्या. खडीवरील मुक्कामी टिटवी चार पिल्लांसह सुखरूप पोचली आहे.” स्वयंपाकघरातून ही पळत आली. तिला फोन दाखवावा लागला नाही, तिने तिथूनच ऐकलं होतं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. माझ्या छातीवरून कुणीतरी खडीचा ढीग उचलून नेल्यासारखं मला हलकं वाटलं. मी कचेरीत तब्येतीचं कारण कळवलं, आणि तब्येत खरोखरच इतकी छान झाली होती की कारण खोटं नव्हतं.

दुपारी पोचलो तेव्हा ढीग रिकामा होता. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली, अंग वाळलं की पायी चालायलाच लागतात, हे मला तेव्हा कळलं. दाजी मला कुंपणाशी घेऊन गेले आणि तात्यांच्या नांगरलेल्या रानाकडे बोट केलं. मला ढेकळांशिवाय काही दिसेना. “बगत ऱ्हावा,” ते म्हणाले. मी बघत राहिलो. तेवढ्यात एक ढेकूळ चार पावलं पळालं आणि थबकलं. मागोमाग दुसरं. कडेला मोठी टिटवी उभी राहून आम्हाला मनसोक्त शिव्या देत होती. दाजींनी घोषणा केली नाही. ऊन कलेपर्यंत ते तसेच कुंपणाला टेकून उभे होते, आणि मागच्या दारात उभ्या असलेल्या आक्कांच्या चेहऱ्यावर मला कालपरवाची भीती पुन्हा दिसली. ढीग रिकामा झाला, आता हा माणूस कशाकडे बघणार, असंच त्यांच्या मनात आलं असावं. माझ्याही आलं.

दिवेलागणीला आम्ही जेवायला बसलो. खळग्याच्या कडेला ओलीवर उगवलेली घोळीची भाजी होती, भाकरी होती, माझ्यासाठी वाटीत आमरस होता. दाजी मान खाली घालून जेवत होते. आक्का त्यांच्याकडे बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. अर्धी भाकरी संपल्यावर दाजी म्हणाले, “उद्या गवंड्याला फोन करू. खडी मोकळी झाली.”

“करू की,” आक्का म्हणाल्या.

“आन् आता दुपारची भांडी घासत जाऊ नको. गुडघं दुखत्यात तुझं.”

आक्कांचा वाढता हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ताटावरून उठून देवाची शपथ घ्यायच्या बेतात होतो. “ह्यांनी सांगितलं का?” त्यांनी विचारलं.

“कुनी सांगायला कशाला पायजे? खिडकीतनं रोज दिसत हुतं. तेच पातेलं, तोच तांब्या.”

“मंग त्याच दिशी बोलला का न्हाईत?”

दाजींनी घास गिळला. “पाखरू जवळ आलं की आपन हलायचं न्हाई,” ते म्हणाले. “हललं की उडून जातं.”

आक्कांनी न विचारता दाजींच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, घोळीची भाजी वाढली, आणि मग यंदा ऊन फार आहे, डोळ्यांची आग होते, असं म्हणत पदर डोळ्यांना लावला. दाजींनी ती जास्तीची भाकरी मुकाट्याने खाल्ली. मी हात धुवायला मागच्या दारी गेलो आणि जरा वेळ तिथेच उभा राहिलो. मला हायसं वाटत होतं, फार हायसं वाटत होतं. आमच्या लग्नालाही आता बरीच वर्षं झाली आहेत. माझी पिशवी भरताना ही काय पुटपुटते, ते मी कधी न हलता, कान देऊन ऐकलेलं नाही.